मॉडेल फिरवताना डेस्कटॉप गोठतोय, ग्राफिक कार्ड गेलंय की एसएमपीएस?

उद्यमनगर_पॅटर्न
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं ऑफिस आहे, फौंड्रीवाल्यांना पॅटर्न आणि कोअर बॉक्सची, म्हणजे ओतकामाच्या साच्यांची, थ्रीडी मॉडेलं करून देतो. खालच्या गाळ्यात ग्राइंडिंग, वर माझा डेस्कटॉप. हा बरेच दिवस झाले मधेच गोठतोय. टॅली, मेल, यूट्यूब, काहीही चालवा, काय त्रास नाही. पण एखादं मोठं हाउसिंग उघडलं आणि माउसनं फिरवायला लागलो की थोड्या वेळात चित्र आहे तिथं थांबतं, कर्सर पण हलत नाही. कधी मागं लावलेलं गाणं चालूच राहतं, कधी तेच र्र्र्र करत अडकतं. कधी स्क्रीन काळी होऊन दोन-तीन सेकंदात परत येते आणि सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं. परवा तर सगळ्या स्क्रीनवर रंगीत चौकटी आल्या, मग पॉवरचं बटन दाबून धरण्याशिवाय इलाज नव्हता.

प्रोसेसर आय५-१२४००एफ, रॅम १६ जीबी, एसएमपीएस (आतल्या सगळ्यांना वीज देणारा डबा) ५५० वॅटचा, ग्राफिक कार्ड ६ जीबीचं, आठ पिनचं एक कनेक्टर लागतंय त्याला. कार्ड सेकंडहँड आहे, ऑनलाइन एकाकडनं घेतलेलं, वॉरंटी संपलेली.

दुकानात दिला तर आधी फॉरमॅट मारला, मग रॅम बदलली, आता म्हणतायत मदरबोर्ड गेला असणार, बदलून टाकू. मला ते पटत नाही पण भांडायला माझ्याकडं पुरावा पण नाही. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडला तर ४१ नंबरच्या लाल एंट्र्या भरपूर आणि अधनंमधनं ४१०१ नंबरच्या पिवळ्या. ह्यातलं खरं कुठलं मानायचं? एका फौंड्रीचं काम द्यायचंय म्हणून जरा घाईनं विचारतोय.

चिपलेव्हल_काका
मर्दा, लाल बघून घाबरू नको. ४१ म्हणजे एवढंच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. तू बटन दाबून धरलंस त्याची ती नोंद, कारण बिरण त्यात काय नसतंय. कामाची एंट्री ती पिवळी, ४१०१. तिचा अर्थ असा की ग्राफिक कार्डाला काम दिलं, त्यानं ठरल्या वेळात जवाब दिला नाही, म्हणून विंडोजनं ड्रायव्हर झटकून परत उभा केला. व्हिस्टापासनं ही सोय आहे, मुदत आपोआप २ सेकंदांची असते. स्क्रीन काळी होऊन परत येते ती ह्याच्यामुळंच. आणि हे झटकणं जमलं नाही की निळी स्क्रीन नाहीतर सरळ गोठणं.

आता गाणं चालू राहतं म्हणालास ना, ते दुकानदाराला सांगितलंस का? गाणं चालतंय म्हणजे प्रोसेसर, रॅम, बोर्ड जिवंत आहे, फक्त चित्र मेलंय. पुढच्या वेळी गोठला की लगेच बटन दाबू नको. कॅप्स लॉक दाब, कीबोर्डावरचा दिवा लागतो-विझतो का बघ. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाब, ह्यानं ग्राफिक ड्रायव्हर नव्यानं चालू होतो, एक बीप येतो आणि स्क्रीन लुकलुकते. दुसऱ्या मशीनवरनं पिंग करून, म्हणजे नेटवर्कवरनं हाक मारून, बघता आलं तर अजून बरं, आधी एकदा चालू मशीनला पिंग करून उत्तर येतंय ना बघून ठेव, फायरवॉल मधे पडते कधीकधी. दिवा बदलतोय आणि पिंगला उत्तर येतंय तर बोर्ड बदलायला सांगणाऱ्याला चहा पाजून घरी पाठव.

दिवा पण बंद आणि आवाज पण र्र्र्र, तरीसुद्धा बोर्डच असं धरू नको. कार्ड बसतंय पीसीआयच्या लाइनवर, ते मधेच मुकं झालं की प्रोसेसर त्याच्या उत्तराची वाट बघत बसतो आणि सगळं मशीन घेऊन बुडतो.

आणि त्या रंगीत चौकटी परत दिसल्या आणि मशीन हलत असलं तर स्क्रीनशॉट घे आणि मोबाइलवर पाठवून बघ. चौकटी त्या फोटोत पण आल्या तर दोष कार्डाच्या आत, बहुतेक मेमरीत. फोटो स्वच्छ असला तर केबल, मॉनिटर नाहीतर कार्डाचं आउटपुट.

नादखुळा_गेमर
एवढं काय नको भावा. कार्ड काढ, हीटसिंक (चिपची उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) सोड, मधल्या चिपवर हीटगन मार पाच मिनिटं, सोल्डर परत बसतंय. माझ्या मित्राचं चालू झालेलं. नाहीतर रजिस्ट्रीत जाऊन टीडीआर डिले, म्हणजे ती ड्रायव्हर झटकायची मुदत, वाढवून १० कर, २ सेकंदांची झंझटच संपली.

चिपलेव्हल_काका
झालं का चालू? हीटगनवाले आलेच.

ऐक. शिसं नसलेलं सोल्डर वितळायला २१७ अंशाच्या पुढं जावं लागतंय. तू वरनं हीटगन मारून चिपखालच्या सोल्डरच्या बॉलपर्यंत एवढी उष्णता सारखी पोचवतोस असं वाटतंय का तुला? बहुतेक वेळा सोल्डर वितळतच नाही. आतली सिलिकॉनची चकती आणि तिच्या खालची हिरवी पट्टी ह्यांच्यामधले बारीक टिपके तडकलेले असतात, ते उष्णतेनं फुगून तात्पुरते टेकतात, एवढंच. म्हणून चालू होतंय आणि काही दिवसांत परत बंद. २००८ साली एनव्हिडियानं लॅपटॉपमधल्या काही चिपांच्या ह्याच भागातल्या कमजोर मालासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढल्याचं जाहीर केलेलं, तेव्हा लोकांनी बॉल बदलून घेतले, पैसे घालवले, चकतीखालचा दोष तसाच राहिला. आणि हीटगननं शेजारच्या मेमरी चिपा वाकड्या होतात, कपॅसिटर उडतात ते वेगळंच. मित्राचं कार्ड आज चालू आहे का तेवढं विचारून सांग.

टीडीआर डिले वाढवायचा तो मोठ्या कॅलक्युलेशनला कार्डाला खरंच जास्त वेळ लागत असेल तेव्हा. मॉडेल फिरवायला २ सेकंद लागत नसतात. इथं तो वाढवलास तर गोठलेली स्क्रीन अजून आठ सेकंद बघायला मिळेल, बाकी फरक नाही.

उद्यमनगर_पॅटर्न
काका, बघितलं. कॅप्स लॉकचा दिवा कधी बदलतोय कधी नाही, पण गाणं चालू असताना बदलतो आणि पिंगला पण उत्तर आलं. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बीनं एकदा स्क्रीन परत आली!! मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावून कार्डाशिवाय चालवायला गेलो तर डिस्प्लेच नाही. मग शेजारच्याकडनं जीटी ७१० हे जुनं छोटं ग्राफिक कार्ड आणून बसवलं. मॉडेल फिरायला लई जड, पण दिवसभर एकदा पण गोठला नाही. म्हणजे माझं कार्डच गेलं असं धरू का? नवीन घ्यायच्या आधी विचारतोय.

राजारामपुरी_एडिटर
थांबा दादा, लगेच पैसे घालू नका.

पहिलं म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या नावात शेवटी एफ आहे, त्यात आतलं ग्राफिक नसतंच, म्हणून बोर्डाच्या एचडीएमआयला काही येणार नाही, तो बिघाड नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करते, आमच्या स्टुडिओत पण असंच झालं होतं, रेंडरला लावलं की गोठायचं. जीटी ७१० लावलं, व्यवस्थित चाललं, मग सगळे म्हणाले कार्ड गेलं. पण जीटी ७१० खातं १९ वॅट, सगळे स्लॉटमधून, वेगळी केबल पण लागत नाही. मूळ कार्ड खात होतं त्याच्या आठ-दहा पट. म्हणजे छोटं कार्ड लावलं की नुसतं कार्ड बदलत नाही, एसएमपीएसवरचा भार पण काढून घेतो आपण. उसानं भरलेली ट्रॉली ओढत नाही म्हणून ट्रॅक्टर दाखवायला न्यावा आणि मेकॅनिकनं रिकामी ट्रॉली लावून चक्कर मारून आणून सांगावं की बघा चालतोय, तसलं टेस्टिंग आहे हे. आमचं निघालं काय, तर एसएमपीएस. लेबलवर मोठ्या अक्षरात ४५०, आणि खाली बारीक अक्षरात १२ व्होल्टला १६ अँपिअर. १२ गुणिले १६ करा, १९२ वॅट होतात. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे आकडे शोभेचे. वर आठ पिनची वायर नव्हती म्हणून बसवणाऱ्यानं मोलेक्सवरून (जुन्या चार पिनच्या वायरवरून) कन्व्हर्टर लावलेला, त्याचं प्लास्टिक तपकिरी पडलं होतं.

त्यामुळे तुमच्या एसएमपीएसचं लेबल वाचा, आठ पिन थेट एसएमपीएसमधून आलेली आहे ना बघा, आणि तुमचं कार्ड उचलून दुसऱ्या कुणाच्या चांगल्या मशीनमध्ये लावून तिथं मॉडेल फिरवा. तिथं पण गोठलं तर कार्ड, तिथं नाही गोठलं तर तुमचं मशीन. ही एकच टेस्ट दोन्ही बाजूंनी बोलते.

शिरोली_मेंटेनन्स
ताई बरोबर बोलल्या. माझा त्यात एक मुद्दा, वीज. उद्यमनगरात एका लाइनवर किती मोटरा आणि वेल्डिंग मशीन असतात ते आपल्याला माहीत आहे, मोठी मोटर सुरू झाली की व्होल्टेज बसतंय. साधा ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर डेस्कटॉप, मॉनिटर आणि कुणीतरी प्रिंटर पण लावलेला असतोय, मग भाराच्या वेळी बॅटरीवर जाताना झटका बसतोय. गोठायची वेळ आणि यूपीएसची टकटक एकत्र येते का तेवढं कान देऊन ऐका. आणि मल्टिमीटरनं न्यूट्रल ते अर्थिंग मोजा, दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं तर आधी अर्थिंगवाल्याला बोलवा, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतोय, मीठ-पाणी कोण घालत नाही.

पण खरं सांगू का, यूपीएस किंवा लाइनचा दोष असता तर बहुतेक वेळा मशीन रीस्टार्ट झालं असतं किंवा धाडकन बंद पडलं असतं. चित्र थांबून गाणं चालू, ह्याला वीज कारण असण्याची शक्यता मला कमी वाटतेय. मोजून ठेवा एवढंच.

अजून एक, खाली ग्राइंडिंग आहे म्हणालात. कॅबिनेट उघडून आतली धूळ पांढऱ्या कागदावर घ्या आणि कागदाखाली चुंबक फिरवा.

उद्यमनगर_पॅटर्न
फिरवला. आईशप्पथ, धूळ चालायलाच लागली.

चिपलेव्हल_काका
व्हय की. हे मी विचारायला पाहिजे होतं. घरातली धूळ असते कापसाची, कातडीची, ती नुसती पंखा चोंदवते. आपल्या पट्ट्यातली धूळ म्हणजे बिडाची. बिडात तीन-साडेतीन टक्के कार्बन असतोय, बराचसा ग्राफाइट म्हणून, आणि लोखंड तर आहेच. दोन्हीतनं वीज वाहते. उन्हाळ्यात ती कोरडी असते तवर निभतंय, जूनमध्ये पाऊस लागला, हवेत ओल आली की तीच धूळ पिनांच्या मधे चिकटते आणि थोडा थोडा करंट गळायला लागतो. माझ्याकडं पावसाळ्यात फौंड्री पट्ट्यातनं येणारी मशीनं उघडली की बोटं काळी होतात. ऑफिस वरच्या मजल्यावर आहे म्हणून सुटका नाही, बारीक पूड जिन्यानं येतेच.

आता हात जोडून सांगतो, खालच्या कंप्रेसरची नळी घेऊन फुंकू नको. उद्यमनगरात सगळे तेच करतात, नळी हाताशी असते. त्या हवेत पाणी असतंय, तेल असतंय, ते सगळं बोर्डावर बसतं आणि पुढच्या धुळीला अजून चिकट जागा मिळते. पंखे भन्नाट फिरून बेअरिंग जातं ते आणि वर. मऊ ब्रश, छोटा ब्लोअर, पंखा बोटानं धरून. स्लॉटमध्ये जाणारी सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पूस, ९९ टक्केवालं. मेडिकलमध्ये ७० टक्केवालं मिळतंय त्यात पाणी असतं. खोडरबर घासणारे पण आहेत, मी घासत नाही, सोन्याचा मुलामा पातळ असतो.

पुसून बसवल्यावर जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघड, बस इंटरफेसमध्ये तुझ्या कार्डाची जेवढी रुंदी आहे तेवढी दिसते का बघ. १६ च्या जागी ८ किंवा ४ दिसलं तर पट्टी अजून घाण आहे नाहीतर स्लॉटची पिन वाकलीय. मशीन रिकामं असताना स्पीड १.१ दाखवतं त्याला घाबरू नको, वीज वाचवायला कार्ड खाली उतरतं, शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून भार दिलास की वर जातं.

राजारामपुरी_एडिटर
आणि कार्ड काढताना स्क्रू काढल्यावर स्लॉटच्या टोकाची छोटी पट्टी दाबायला विसरू नका, लोक ओढतात आणि स्लॉट तोडतात.

ते सेकंडहँड कुणाकडून घेतलं हो? १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम ह्या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक कार्डांवर गणितं चालवून नाणी मिळवणं) बंद झालं, त्यानंतर बाजारात असली कार्डं ढिगानं आली. रात्रंदिवस चाललेली, वरून पुसून चकाचक. मायनिंगला मेमरीवरच सगळा ताण असतो, म्हणून त्या चौकटींचं मला जास्त वाटतंय.

उद्यमनगर_पॅटर्न
विकणारा म्हणाला होता गेमिंगला वापरलंय, सगळे तेच म्हणतात म्हणा.

अपडेट देतो. एसएमपीएसचं लेबल वाचलं, १२ व्होल्टला ४५ अँपिअर, आठ पिन थेट त्यातनं आलीय. न्यूट्रल-अर्थिंग दीड व्होल्ट. कार्ड साफ करून बसवलं, रुंदी १६ दाखवतंय, पण गोठणं तसंच. मग कार्ड घेऊन गोकुळ शिरगावला मित्राच्या ऑफिसात गेलो, त्याचं मशीन चांगलं दणकट आहे आणि तिथं काय त्रास नाही. त्याच्यात लावलं, माझंच हाउसिंग उघडलं, फिरवलं, आणि गोठलं की राव. मित्र म्हणतोय माझ्या मशीनला काय करून ठेवू नको. मग त्याच्यातच ओसीसीटी ह्या टेस्टिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाच्या मेमरीची टेस्ट लावली तर एररचा पाऊस.

म्हणजे कार्डच. मदरबोर्डचे पैसे वाचले. पण आता प्रश्न असा की चिप गेली की मेमरी, आणि हे काम देईपर्यंत कसंतरी चालवता येईल का? जीटी ७१० वर मॉडेल फिरवायचं म्हणजे एक फिरकी मारून चहा पिऊन यायचं.

चिपलेव्हल_काका
आता जरा बोलण्यासारखं झालं. मित्राचं मशीन आणि तुझं मशीन दोन्हीकडं तेच, आणि मेमरी टेस्टला एरर, म्हणजे संशय मेमरीवर. पण मेमरीचा कंट्रोलर मुख्य चिपमध्येच असतो, तो गेला तरी एरर अशाच दिसतात, तेवढं डोक्यात ठेव.

आफ्टरबर्नर (कार्डाची पॉवर आणि वेग कमीजास्त करायचं सॉफ्टवेअर) घाल. आधी मेमरी क्लॉकला, म्हणजे मेमरीच्या वेगाला, हात लावू नको, फक्त पॉवर लिमिट ६०-७० टक्क्यांवर आण आणि टेस्ट लाव. एरर थांबल्या तर उष्णता नाहीतर कार्डावरचा पॉवरचा भाग. नाही थांबल्या तर पॉवर परत १०० कर आणि मेमरी क्लॉक खाली आण, ५०० उणे, अजून खाली, जिथं एरर थांबतात तिथं थांब. ह्यानं थांबल्या तर मेमरी किंवा तिचा रस्ता. दोन्ही एकदम खाली ओढू नको, मग कशानं थांबलं ते कळत नाही.

आणि हीटसिंक उघडायची हिंमत असेल तर मेमरी चिपांवरचे पॅड (उष्णता हीटसिंककडं नेणाऱ्या मऊ पट्ट्या) बघ. बऱ्याच कार्डांत मेमरीचं तापमान सॉफ्टवेअरला दिसतच नाही, वर ६८ अंश दिसतंय म्हणून आपण खूश आणि खाली मेमरी भाजतेय. पॅड बदलायचे तर आधीच्या पॅडची जाडी मोजून तेवढीच घे. अर्ध्या मिलिमीटरनं जाड बसवलास तर हीटसिंक मुख्य चिपवर टेकत नाही आणि नवीन दुखणं.

उद्यमनगर_पॅटर्न
पॉवर लिमिट कमी करून फरक नाही. मेमरी क्लॉक खाली आणला तर एरर कमी कमी होत गेल्या आणि बऱ्यापैकी खाली गेल्यावर बंद. त्या सेटिंगवर काल दिवसभर काम केलं, गोठला नाही. मॉडेल आधीपेक्षा किंचित जड फिरतंय पण चालतंय की.

उघडून पण बघितलं. पॅड विटेसारखे कडक, तेल सुटलेलं, आणि एका मेमरी चिपवर पॅड अर्धाच, म्हणजे आधी कुणीतरी उघडून लावलेलं दिसतंय. कडेला तीच काळी पूड. नवीन पॅड आणि पेस्ट लावली, पूर्ण क्लॉकवर एरर पहिल्यापेक्षा कमी येतात पण येतातच. म्हणजे काका, ती चिप आता कायमची गेली का?

चिपलेव्हल_काका
गेली. तसल्या ६ जीबीच्या कार्डावर साधारण एक-एक जीबीच्या सहा चिपा असतात, त्यातली एक उडालेली दिसतेय. बदलता येते, पण चिप मिळवायची, काढायची, बॉल लावायचे, बसवायची, आणि गॅरंटी मी महिन्याची पण देणार नाही, कारण बाकीच्या पाचांनी पण तेवढंच सोसलंय. वॉरंटी असती तर उघडायच्या आधी कंपनीकडंच पाठव म्हटलं असतं. तुझं काम अडलंय म्हणून सांगतो, क्लॉक खाली ठेवून हे काम दे, दर दहा मिनिटांनी सेव्ह कर, आणि नवीन घे. ह्याच्यात पैसे घालू नको.

राजारामपुरी_एडिटर
आफ्टरबर्नरमध्ये ते सेटिंग प्रोफाइलला सेव्ह करून स्टार्टअपला टाका, नाहीतर मशीन रीस्टार्ट झालं की परत पूर्ण क्लॉक.

आणि पुढं कधी प्रोसेसर बदलायची वेळ आली तर एफ नसलेला बघा. थोडे पैसे जास्त जातात, पण कार्ड बंद पडलं तरी निदान बोर्डावरून बिल टाइप करता येतं, आणि दुकानात जायच्या आधी घरच्या घरी कळतं की कार्ड का बाकी काही.

नादखुळा_गेमर
काका मित्राला विचारलं. त्याचं कार्ड गणपतीतच परत बंद पडलंय 🙏

शिरोली_मेंटेनन्स
नवीन कार्ड घ्याल तेव्हा कॅबिनेट खिडकीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा, समोरच्या जाळीला धुळीचा फिल्टर लावा, चुंबकाच्या कडेचे मिळतात, दर आठवड्याला काढून झटकायचे. जिन्याच्या दाराला खाली रबरी पट्टी मारा. मी पॅनेल रूमला हेच करतो.

उद्यमनगर_पॅटर्न
काम गेलं एकदाचं, फौंड्रीवाल्यांनी मॉडेल पास केलं. नवीन कार्ड राजारामपुरीतनं बघून आलोय, बिलासकट वॉरंटीवालं, ह्या वेळी सेकंडहँड नाही. दुकानदार अजून म्हणतोय मदरबोर्ड पण बदलून घ्या, कशाला रिस्क. जुन्या कार्डाचं काय करू? विकायला टाकलं तर कुणाच्या तरी गळ्यात मारल्यासारखं होईल.

चिपलेव्हल_काका
विकू नको. मला आणून दे, पाच मेमरी चिपा, मॉसफेट, पंखे, सगळं दुसऱ्या कुणाच्या कार्डाला लागतंय. मी लक्ष्मीपुरीत असतो, मेसेज करतो पत्ता. संध्याकाळी आठच्या आत ये, आणि पॅड काढून ठेवू नको, तसंच घेऊन ये, कुठल्या चिपवर अर्धा होता ते मला बघायचंय.